तांबड्या दोऱ्याची बोंडं

"आत्याबाई, काल म्हटलं तसे लिलीचे वाळके दांडे आज काढून टाकू का? उद्या केतकीचे मामा येणार, आणि अंगण बघा कसं कळकट दिसतंय."

"काढ की. त्यात इचारायचं काय? पर डोळं उघडं ठिवून काढ."

सासूबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. डोळे उघडे ठेवून म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. पाडव्याच्या दिवशी, श्रीखंडाची वाटी हातात असताना, त्यांनी मला सगळ्यांदेखत बजावलं होतं. "हे बघ शालन, घर तुजं हाय, सयपाकघर तुजं हाय. पर त्या तांबड्या दोऱ्याच्या बोंडांना हात लावलास, तर दुसऱ्या दिशी रहिमतपूरच्या गाडीत बसवून दीन. मग माझ्या नावानं खडं फोडू नगंस."

ह्यांनी मान खाली घालून पुरी मोडली. केतकी माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षांची पोर, पण नजर अशी की अंगावर काटा यावा.

त्र्याण्णव सालची गोष्ट. वाईला, पसरणी घाटाच्या रस्त्यावर आमचं घर. मी दुसरेपणावर आलेली. पहिली उज्ज्वला, केतकीची आई, दीड वर्षापूर्वी काविळीनं गेली. मला येऊन चार महिने झाले होते. माझं माहेर रहिमतपूरचं, म्हणजे भावाचं घर आणि भावजयीचं राज्य. तिशी उलटली तरी माझं कुठे जमेना, म्हणून भाऊ टेकीला आला होता. लग्नाच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "शाले, आता तिथंच राहायचं. काय वाट्टेल ते झालं तरी परत यायचं नाही. तुझ्या खोलीत मी पोरांची कॉट टाकली." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, कपाळ!

तर आत्याबाईंची ती धमकी कुणाला हसण्यावारी वाटली असेल, मला नाही वाटली. ह्या घरातून निघाले तर मला जायला जागा नव्हती. साधी गोष्ट आहे.

आता त्या बोंडांचं सांगते. उज्ज्वलाचे वडील पाचगणीला एका बंगल्यावर माळी होते. तिच्या लग्नात बंगल्याच्या मालकिणीनं तिला दोन गड्डे दिले होते, डे-लिलीचे. बाजारात मिळते ती लिली वेगळी बरं का. हिचं एकेक फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमललं की संध्याकाळी मिटून लोळागोळा. पण एका दांड्याला दहा-बारा कळ्या, त्यामुळे तीन आठवडे बहर चालतो. एक गड्डा तांबड्या फुलांचा, डाळिंबाच्या रसासारखा गडद. दुसरा सायीच्या रंगाचा. उज्ज्वलाला वेड होतं, ह्या दोघींचं लेकरू करायचं. सकाळी तांबड्या फुलातला परागाचा तुरा खुडायचा, सायीच्या फुलातून जी लांब काडी बाहेर आलेली असते तिच्या टोकाला तो घासायचा, आणि फुलाच्या देठाला तांबडा दोरा बांधायचा, म्हणजे कुठलं फूल आपण फळवलं ते कळतं. फूल गळालं आणि देठाशी हिरवा मणी राहिला, की समजायचं धरलं. मग सात आठवडे वाट बघायची. बोंड तपकिरी होऊन तडकलं की आत काळं चकचकीत बी. ते पेरायचं आणि दोन वर्षं थांबायचं.

उज्ज्वलाचं कधी धरलं नाही, कधी धरलं तर रोपं मेली. ती पोरीला म्हणायची, "एक दिवस ह्यांचं लेकरू फुलेल, त्याचं नाव आपण केतकी ठेवू." हे मला ह्यांनी सांगितलं. पोर माझ्याशी बोलतच नव्हती. काही हवं असलं तर भिंतीकडे बघून म्हणायची, "पाणी पाहिजे," "वही संपली." मला आई नाही, काकी नाही, काहीच नाही. बिननावाची मी.

त्या वर्षी शिवरात्रीनंतर केतकीनं एकटीनं, आईनं शिकवलं होतं तसं, अकरा फुलं फळवली. चार धरली. आणि होळीच्या सुमाराला तांबडा गड्डा बुडातून सडला. उपटून बघितला तर नुसता चिखल. म्हणजे त्या तांबडीचं जगात जे काही उरलं होतं, ते त्या चार बोंडांत. पोर रोज शाळेत जाताना आणि आल्यावर बोंडं बघायची. हात लावायची नाही, नुसती उकिडवी बसून बघायची.

आणि मी त्या दिवशी विळा घेऊन तिथे उभी.

मी बघितलं हो. देवाशपथ सांगते, नीट बघितलं. सायीच्या गड्ड्याला पाच दांडे होते, पुढे तीन, मागे दोन. पाचांवर मिळून बरीच बोंडं होती, कारण मधमाश्याही त्यांचं काम करतच असतात. पण दोरा एकाही बोंडाला नव्हता. मी वाकून, पानं बाजूला करून बघितलं. नाही. मला वाटलं, पोरीनं काढून घेतली असतील, सुकवायला ठेवली असतील. मला कोण सांगणार? ह्या घरात कुठली गोष्ट मला सांगितली जाते? असा थोडा रागही आला, खरं सांगते. माहेरी आमचा निशिगंधाचा वाफा होता. फूल संपलं की दांडा बुडाशी कापायचा, नाहीतर गड्डा पोसत नाही, हे मी आईच्या हाताखाली शिकलेले. मी कापायला लागले. पुढचे तीन दांडे कापले. इतक्यात कुकरची शिट्टी झाली, म्हणून ते शेजारच्या खैरूनबीच्या कुडावरून तिच्या शेळ्यांना टाकले आणि आत गेले.

भात उतरवला, आमटीला फोडणी दिली. आत्याबाई ताटावर बसल्या आणि पहिला घास घेता घेता म्हणाल्या, "बोंडं कशी हायती गं? पोर म्हनत हुती, अजून आठ दीस तरी ऱ्हाऊ द्यायची. उद्या मामासंगं जानार, तर तुला पानी घालायला सांगीन म्हनली."

माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली.

"का गं? काय झालं?"

"काही नाही. चटका बसला."

मी परसातून निघाले ती कुडाच्या भगदाडातून थेट खैरूनबीच्या आवारात. दोन शेळ्या, एक करडू. करडाच्या तोंडात अर्धा दांडा. मी तो ओढला, त्यानं सोडला नाही, मी त्याचा जबडा धरून ओढला. नुसता चोथा. खाली मातीत, लेंड्यांत हात घातले. एक बोंड मिळालं, खुराखाली चेचलेलं. आत बी पांढरं, दुधाळ, कच्चं. मी ते तळहातावर घेऊन बसले. परत जोडता येईल का, असं काहीतरी मनात येत होतं. वेड लागल्यासारखी मी ते बोटांनी मिटवत होते.

"या अल्ला, शालन! क्या हुआ बेटा?" खैरूनबी भांडी टाकून धावत आली.

मी सगळं सांगितलं. तिच्यापाशी रडायची सोय होती, एवढं एकच घर होतं मला.

"दोरा नव्हता, तर तुझी काय चूक?" ती म्हणाली. "तसं सांग म्हातारीला."

"दोरा होता गं. सगळ्या गावाला माहीत आहे दोरा होता. ऊन-पाण्यानं विटला असेल, मला दिसला नसेल. आणि सवतीची बोंडं मी चुकून कापली म्हटलं, तर कुणाला खरं वाटेल? तुला तरी वाटलं असतं?"

खैरूनबी करडाला हाकलायला वळली. तिथंच मला उत्तर मिळालं.

"तरीपण खरं सांगून टाक," ती म्हणाली. "खोट्याला शंभर पाय लागतात."

"आणि उद्या गाडीत बसवलं तर? जाऊ कुठे मी? तुझ्या गोठ्यात?"

तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, मी हात धुतले आणि परत आले.

आत्याबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. मी अंगणात आले. मागचे दोन दांडे तसेच उभे होते, त्यांवर पाच-सहा बोंडं. हिरवी, टपोरी, अगदी तशीच. मी किती वेळ त्यांच्याकडे बघत होते कोण जाणे. मग घरात गेले. उज्ज्वलाचं शिलाई मशीन माजघरात होतं, कुणी वापरत नव्हतं. त्याच्या खणात तांबड्या दोऱ्याचं रीळ होतं. त्या खणाला मी चार महिन्यांत कधी हात लावला नव्हता. लावला. चार तुकडे तोडले. नवे दिसू नयेत म्हणून चुलीतल्या राखेत घोळले, मग मातीत घासले. आणि मधमाशीनं केलेल्या, कुठल्या कोण बापाच्या चार बोंडांना ते बांधले. गाठ बसेना. आत घोरणं थांबलं की माझा जीव जायचा आणि सुरू झालं की परत यायचा.

चार वाजता आत्याबाई उठल्या, चूळ भरली आणि अंगणात गेल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं अगदी नाक लावून त्यांनी बघितलं. "हं. हायती," म्हणाल्या. "पुढचं दांडं काढलंस व्हय? बरं केलंस. मोकळं वाटतंय."

मी चहा ठेवला. मला वाटलं, पार पडलं. म्हातारी फसली म्हणजे अर्धी लढाई झाली. राहता राहिली पोर. पोरीला दांडा पुढचा की मागचा हे आठवेल? रोज बघते ती. नक्की आठवेल. आठवलं तर म्हणायचं, बाई गं, तुझीच काहीतरी चूक होतेय. नऊ वर्षांच्या पोरीला असं म्हणायची मी तयारी करत होते. माणूस भीतीनं कुठवर जातं बघा.

साडेचारला केतकी आली. शेवटचा पेपर होता, गणिताचा. आणि ऐका, हे त्या वेळी मला नुसतं विचित्र वाटलं होतं, अर्थ मागून कळला. ती फाटकातूनच ओरडत आली. "आजीऽऽ! आजी, माझी बोंडं! आजी, हिनं माझी बोंडं कापली!" अजून वाफ्यापर्यंत पोहोचलीसुद्धा नव्हती. फाटकातून वाफा दिसत नाही, मध्ये पेरूचं झाड आहे. तरी ती रडतच आली, दप्तर पाठीवर उड्या मारतंय, तोंड लालबुंद.

आत्याबाई धडपडत उठल्या. "काय झालं गं? कुनी कापली?"

केतकी वाफ्याशी पोहोचली आणि थांबली.

तिनं दोरे बघितले. चारही. एकेक करून. रडं जागच्या जागी बंद. तोंड उघडंच राहिलं होतं. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी. एरवी भिंतीकडे बघणारी ती पाडव्यानंतर पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटत होतं, आता बोलेल, आता संपलं.

"अगं, हायती की!" आत्याबाई म्हणाल्या. "मी आत्ताच बघितली. चारी हायती. काय उगा बोंबलत आलीस? हायती का न्हाईत?"

"आहेत," केतकी म्हणाली.

"मग?"

"काही नाही. मला वाटलं."

आणि ती आत निघून गेली. मी खांबाला टेकून खाली बसले. सुटले, असं वाटलं. मग वाटलं, पण ही अशी का बघत होती?

तिनं चहा घेतला नाही. शंकरपाळ्या दिल्या, त्यांना हात लावला नाही. माजघरात पालथी पडून राहिली. आत्याबाई म्हणाल्या, पेपर अवघड गेला असंल, पडू दे. त्या देवळात गेल्या. घरात आम्ही दोघीच. अर्धा तास मी परसात पातेली घासली, धुतलेली परत घासली. मग मला राहवेना. मी खोटारडी असेन, पण पोर उपाशी, पालथी पडलीय आणि कारण मी, हे मला सोसेना. मनाशी ठरवलं, सांगून टाकायचं. हिला एकटीला. पाया पडायची वेळ आली तरी पडायचं.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "केतकी," म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. ती बोंडं..."

"तू दोरे कुठून आणलेस?" ती पालथीच होती. आवाज उशीतून येत होता.

मी म्हटलं, "कसले दोरे?"

ती उठून बसली. दप्तर ओढलं, कंपासपेटी काढली, उघडली. कर्कटकाच्या खाली चार तांबडे दोरे होते. विटलेले, गाठी तशाच, फास सैल करून काढलेले.

"सकाळी काढले मी," ती म्हणाली. "पेपरला जायच्या आधी. तू काल आजीला म्हणत होतीस ना, उद्या वाफा साफ करते म्हणून."

मला कळेचना. खरंच कळेना. "का? का काढलेस?"

"तू जावीस म्हणून."

असं म्हणाली. पाणी पाहिजे म्हणावं तितक्या सरळ. "आजी म्हणाली होती, हात लावलास तर गाडीत बसवून देईन. मी वाट बघितली. तू हातच लावत नव्हतीस."

बाहेर खैरूनबीचं करडू ओरडत होतं.

"खरी कुठं आहेत?" तिनं विचारलं. आणि आता तिचा आवाज लहान झाला. "पुढच्या दांड्यांवरची. ती टाकलीस कुठं? उकिरड्यावर आहेत ना? आहेत ना उकिरड्यावर?"

"शेळ्यांना घातली."

"सगळी?"

"सगळी."

"मला वाटलं, तू टाकशील आणि मी आल्यावर उचलीन. तू गेल्यावर पाण्यात ठेवीन दांडे. आई ठेवायची, साखरेच्या पाण्यात." ती हनुवटी गच्च दाबून बोलत होती. "ती केतकी होती. ती माझी केतकी होती."

आणि मग ती रडली. दुपारचं फाटकातलं रडणं नव्हे ते. आवाजच येत नव्हता. नुसती वाकून वाकून जमिनीला डोकं लावत होती.

इथं मी तिला पोटाशी धरायला हवं होतं. कुठलीही बाई धरेल. मी काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला राग आला. असा राग, की कानांतून वाफ यावी. दिवसभर मी शेळीच्या लेंड्यांत हात घालतेय, राखेत दोरे घोळतेय, थरथरतेय, एका चोरासारखी माझ्याच घरात वावरतेय, आणि ही कार्टी! हिनं आखून मला खड्ड्यात ढकललं. माझं घर, माझं सगळं आयुष्य हिनं एका सकाळी चार गाठींवर लावलं. मी तिचा दंड धरला आणि हिसडा दिला.

"येऊ देत तुझे बाबा," मी म्हटलं. "येऊ देत. सगळं सांगते. तुझ्या आईची बोंडं तूच घालवलीस म्हणून सांगते. तुझ्या हातानं. उद्या मामा येतायत ना? त्यांनाही सांगते. बघू दे सगळ्यांना, उज्ज्वलाची लेक काय आहे ती."

ती रडायची थांबली. डोळे एवढे मोठे झाले. "नको," म्हणाली. "बाबांना नको सांगू."

"का? मला घालवायला निघाली होतीस ना?"

"नको ना. मी काय करू? काय केलं तर नाही सांगणार?"

मी दंड सोडला आणि उठून स्वयंपाकघरात गेले. कणीक मळायला घेतली. मला काही नको होतं तिच्याकडून, हेही खरं आहे. मी नुसती चिडले होते. पण मी तसं म्हणाले नाही, आणि ती तिथे विचार करत बसली.

ती चार खोटी बोंडं पुढे पिकली. मामांकडून परत आल्यावर केतकीनं स्वतः बी काढलं, कुंडीत लावलं, आणि मी पाणी घातलं. दोन वर्षांनी ती लिली फुलली. फिकट पिवळी, कुणाच्याही दारात असते तशी, वेगळं काही नाही. हे म्हणाले, "उज्ज्वलाच्या हातचा गुण," आणि डोळे पुसले. आत्याबाईंनी फुलाला हळदकुंकू वाहिलं. केतकीनं शाईनं पाटी लिहून वाफ्यात रोवली, स्वतःच्या नावाची. त्या गड्ड्याची पिलं आज निम्म्या वाईत आहेत, आणि आता चाळिशीला आलेली केतकी दर मार्चला फोन करून विचारते, फुललं का. आम्ही दोघी त्या फुलाबद्दल आजवर याहून एक अक्षर जास्त बोललेलो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हे सात वाजता आले. आत्याबाई देवळातून आल्या. पाट-पानं मांडली. केतकी तोंड धुऊन आली, वेणी स्वतःच घालून, डोळे सुजलेले.

"काय गं, पेपर अवघड होता का?" ह्यांनी विचारलं.

"थोडा."

"अन् बोंडांवरनं केवढा तमाशा केला हिनं फाटकात!" आत्याबाई हसत म्हणाल्या. "शालननं कापली म्हनं. बिचारी दिवसभर राबतीया."

हे माझ्याकडे वळले. "काय झालं?"

मी आमटी ढवळत होते. शपथेवर सांगते, मी काही बोलणार नव्हते. राग केव्हाच उतरला होता, आता नुसती लाज वाटत होती. पण पळी माझ्या हातात थांबली, एवढं मात्र झालं. आणि ते केतकीनं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "मला भात वाढ ना."

ह्यांनी घास ताटात ठेवला आणि पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. आत्याबाई उठल्या, गुडघे धरून, "अगं बाई, अगं माझी बाय ती," म्हणत फडताळापर्यंत गेल्या, साखरेचा डबा आणला, आधी तिच्या तोंडात चिमूट घातली, मग माझ्या. "आता कोन घालवतंय तुला," मला म्हणाल्या. "आता तू ह्या घरची पक्की." थोडी साखर माझ्या पदरावर सांडली. चार महिने मी ज्याची वाट बघत होते, ते सगळं त्या पाच मिनिटांत मला मिळालं.

केतकी साखर चघळत नव्हती. तोंड मिटून बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. एवढं पुरे का, असं तिचे डोळे मला विचारत होते.

मी तिला भात वाढला.